काय निवडलंय ते आधी बघ

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

एक्सेलमध्ये एकेक करत बरेच सेल, म्हणजे त्या आखलेल्या चौकटी, निवडले आणि मधेच नको तो एक आला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची का, असं तू विचारलंस. नाही. कंट्रोल दाबून ठेव आणि त्याच सेलवर परत क्लिक कर, तेवढा एक निवडीतून निघून जातो. सलग चार-पाच नको असतील तर कंट्रोल न सोडता त्यांच्यावरून माउस ओढ. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड.

एवढं फोनवर सांगून भागलं असतं. पण या नव्या कामात तुझा अर्धा दिवस स्प्रेडशीटमध्ये जाणार, आणि मी आजवर जे घोळ निस्तरले त्यांतले बरेचसे फॉर्म्युल्यात नव्हते, निवडीत होते. म्हणून सविस्तर लिहिते आहे. बाबांचं म्हणणं, एखादा व्हिडिओ पाठवून दे. त्यांचं त्यांच्यापाशी.

आधी त्या कंट्रोल-क्लिकबद्दल. ही सोय वाटते तितकी जुनी नाही. एक्सेल १९८५ मध्ये पहिल्यांदा मॅकिंटॉशवर आलं, आणि निवडलेला एखादाच सेल वगळता येणं हे एक्सेल २०१९ च्या नव्या सोयींच्या यादीत झळकलं. मधल्या तीस-बत्तीस वर्षांत लाखो लोकांनी शेवटच्या सेलला हात चुकला म्हणून सगळी निवड मोडून पुन्हा केली. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्येही, म्हणजे एक्सेलसारख्याच दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये, कंट्रोल-क्लिकने सेल वगळता येतो. तेव्हा तुझ्या ऑफिसातल्या एखाद्या जुन्या मशीनवर एक्सेल २०१६ किंवा त्याआधीचं असेल आणि सेल वगळला जात नसेल, तर स्वतःला दोष देऊ नकोस. तिथे परत क्लिक केल्याने सेल निघत नाही, उलट तोच सेल दुसऱ्यांदा जोडला जातो. तशा अवस्थेत बेरजेचा फॉर्म्युला लिहीत असशील तर तो सेल फॉर्म्युल्यात दोनदा येईल आणि बेरीज फुगेल.

सलग निवड लांबली तर मात्र कुठल्याही आवृत्तीत ती मोडायची गरज नाही. माउस ओढताना शीट भसकन खाली पळतं आणि पन्नासाव्या ओळीवर थांबायचं तर आपण तीनशेव्या ओळीवर असतो, हे सगळ्यांचंच होतं. अशा वेळी शिफ्ट दाबून जिथे खरं संपायला हवं त्या सेलवर क्लिक कर. सुरुवात जागेवर राहते, शेवट आपल्या मागे येतो. एखाद-दोन ओळींचाच फरक असेल तर शिफ्ट आणि बाणाची कळ. मी तर लांब निवडीसाठी माउस ओढतच नाही. पहिल्या सेलवर क्लिक, खाली सरकून शेवटच्यावर शिफ्ट-क्लिक. मध्ये चाकाने कितीही खालीवर फिरलं तरी निवड हलत नाही.

त्याहून सरळ रस्ता म्हणजे डावीकडे वर, फॉर्म्युल्याच्या पट्टीशेजारी सेलचं नाव दिसतं तो चौकोन. त्यात बी२, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग डी४० असं टाइप करून एंटर दाबलं की नेमका तेवढाच भाग निवडला जातो. स्वल्पविराम देऊन दुसरा भागही लिहिता येतो. लोक हा चौकोन नुसता बघतात, वापरत नाहीत.

आता एक गोष्ट नीट लक्षात घे. एक्सेलमध्ये काहीच निवडलेलं नाही अशी अवस्था नसते. एक सेल तरी निवडलेला असतोच. सगळी निवड काढायची म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी सेलवर क्लिक करायचं, बस. किंवा शिफ्ट आणि बॅकस्पेस एकत्र दाबलं की मोठी निवड आक्रसून एकाच सेलवर येते. एस्केप दाबून निवड जात नाही. एस्केपने जाते ती कॉपी केल्यावर सेलभोवती फिरणारी तुटक रेषा. ती रेषा गेली की निवडही गेली असं समजून लोक पुढे टाइप करायला लागतात.

मोठ्या निवडीतही एक सेल बाकीच्यांपेक्षा वेगळा, पांढरा दिसतो. तो चालू सेल. सगळी गंमत आणि सगळी भानगड त्याच्यापाशी आहे. शंभर सेल निवडून तू काही टाइप केलंस तर ते फक्त त्या एकात जातं. बॅकस्पेस दाबलंस तरी फक्त तो एकच रिकामा होतो. पण डिलीट दाबलंस तर शंभरच्या शंभर साफ. एकाच कीबोर्डवर हाताच्या अंतरावरच्या दोन कळा, आणि वागणूक अशी. तोच शब्द सगळीकडे भरायचा असेल तर टाइप करून एंटरऐवजी कंट्रोल-एंटर दाब. आणि आकडे भरायचे असतील तर भाग आधी निवडून ठेव, मग प्रत्येक आकड्यानंतर एंटर किंवा टॅब. चालू सेल त्या भागातच फिरत राहतो, एंटरने कॉलम संपला की आपोआप पुढच्या कॉलमच्या माथ्यावर जातो. मात्र मधे बाणाची कळ दाबलीस की निवड मोडली.

निवड स्क्रीनपेक्षा मोठी असेल तेव्हा तिची चारही टोकं बघायला कंट्रोल आणि पूर्णविराम दाबत जा. चालू सेल एकेका कोपऱ्यावर उडी मारतो, निवड तशीच राहते. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि ज्यांना मी शिकवलं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी ते लगेच विसरूनही टाकलं. तू विसरू नकोस. कंट्रोल, शिफ्ट आणि खालचा बाण ही जोडगोळी सगळे जण वापरतात. ती डेटाच्या शेवटापर्यंत निवडते असं म्हणतात. ती निवडते पहिल्या रिकाम्या सेलपर्यंत. मधे एक सेल कोरा असला की निवड तिथेच थांबते आणि खालच्या चारशे ओळी बाहेर राहतात. उलट खाली काहीच नसेल तर ती थेट शीटच्या तळाला, म्हणजे १०,४८,५७६ व्या ओळीवर जाते. मग वरच्या टोकाला परत कसं यायचं? कंट्रोल-बॅकस्पेस, चालू सेल पुन्हा समोर येतो. कंट्रोल आणि ए दाबलं तर आधी आजूबाजूचा भरलेला भाग निवडला जातो, परत दाबलं तर पूर्ण शीट. तिथेही कोरी ओळ किंवा कोरा कॉलम आला की भरलेला भाग संपला असंच एक्सेल धरतं.

मी कामाला लागले तेव्हा लोटस १-२-३ नावाचं स्प्रेडशीट होतं. त्यात उलटी रीत होती. आधी हुकूम द्यायचा, म्हणजे तिरकी रेघ दाबून मेनू उघडायचा आणि कॉपी म्हणायचं. मग ते विचारायचं, कुठून? पूर्णविराम दाबून एक टोक बांधायचं, बाणांनी दुसरं टोक दाखवायचं, एंटर. मग विचारायचं, कुठे? प्रत्येक वेळी विचारायचं, त्यामुळे चिडचिड व्हायची, पण हुकूम चालण्याआधी डोळ्यांसमोरून निवडलेला भाग एकदा जायचाच. एक्सेलमध्ये निवड आधी आणि हुकूम नंतर. काम भराभर होतं, पण आता ते काही विचारत नाही. जे निवडलेलं आहे त्यावर हुकूम चालतो, ते तू निवडलंस की दहा मिनिटांपूर्वीच्या कामातून तसंच राहिलं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

सगळ्यात जास्त नासाडी सॉर्ट करताना होते. समज, पहिल्या कॉलममध्ये नावं, दुसऱ्यात जन्मतारखा, तिसऱ्यात खाते क्रमांक. तू फक्त नावांचा कॉलम निवडून सॉर्ट केलंस तर एक्सेल एक खिडकी उघडून विचारतं, निवड शेजारच्या कॉलमांपर्यंत वाढवू, की आहे तेवढ्यावरच चालवू? घाईत दुसरा पर्याय गेला की नावं वर्णानुक्रमे लागतात आणि तारखा, क्रमांक जागेवरच राहतात. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. वाईट हे की बघताना यादी सुबक दिसते. चूक लक्षात येते महिन्याने, कोणाला तरी भलत्याच खात्याचं पत्र गेल्यावर, तोवर अनडू कधीच गेलेलं असतं. आणि तीनपैकी दोन कॉलम निवडलेले असतील तर ती खिडकी येईलच, यावर विसंबू नकोस. म्हणून सॉर्ट करताना एक तर भागातला एकच सेल निवडलेला ठेव, म्हणजे एक्सेल सगळा सलग भाग स्वतः धरतं, नाहीतर पूर्ण भाग निवड. अर्धवट निवड कधीच नाही. यादीचं कंट्रोल आणि टी दाबून टेबल करून घेतलंस तर हा धोका जवळजवळ संपतो. यादी तुझ्या ताब्यात असेल तर ते पहिल्या दिवशीच कर.

लपवलेल्या ओळींचंही तसंच. राइट-क्लिक करून ओळी हाइड केल्या असतील आणि त्यांच्यावरून निवड गेली, तर लपलेल्याही निवडल्या जातात. कॉपी केलंस तर त्या सोबत येतात, डिलीट केलंस तर त्याही जातात. फक्त दिसतंय तेवढंच हवं असेल तर निवड केल्यावर ऑल्ट आणि अर्धविराम दाब, मग कॉपी कर. फिल्टर लावून कॉपी केलं तर दिसणाऱ्या ओळीच येतात, ते ठीक. पण फिल्टर लावलेल्या जागी बरेच सेल पेस्ट केले की ते लपलेल्या ओळींतही जाऊन बसतात. फिल्टर काढेपर्यंत काही कळत नाही.

मर्ज केलेले, म्हणजे एकत्र जोडून एक केलेले सेल मला अजिबात आवडत नाहीत. कंट्रोल-स्पेसने एक कॉलम निवडायला जावं तर मर्जमुळे शेजारचे दोन पण येतात. मथळा मधोमध हवा असेल तर अलाइनमेंटच्या खिडकीत, सेल न जोडता निवडीच्या मधोमध मजकूर ठेवण्याचा पर्याय आहे, तो वापर.

कधी असं होईल की कुठेही क्लिक केलं तरी निवड वाढतच जाते, सुटतच नाही. माउस बिघडला असं वाटेल. बहुतेक वेळा चुकून एफ८ दाबलेलं असतं. खालच्या पट्टीत डावीकडे निवड वाढवण्याची सूचना दिसेल. एस्केप दाब, सुटेल. मुद्दाम वापरायची झाली तर ही कळ चांगली आहे. लांब निवड करताना शिफ्ट धरून बोटं दुखतात त्यांच्यासाठीच आहे म्हण ना. शिफ्ट-एफ८ केलं तर कंट्रोल न धरताही लांबलांबचे तुकडे निवडता येतात.

खालच्या पट्टीवरून आठवलं. तिच्या उजव्या बाजूला निवडलेल्या सेलांची संख्या, सरासरी आणि बेरीज येते. कुठलाही मोठा हुकूम देण्याआधी माझी नजर आधी तिथे जाते. दोनशे ओळींची यादी आणि संख्या २०१ दिसली तर मथळा निवडीत आला आहे. १९९ दिसली तर एक सेल तरी कोरा आहे. आकडे निवडूनही बेरीज दिसतच नसेल, नुसती संख्या दिसत असेल, तर ते आकडे मजकूर म्हणून साठवलेले आहेत आणि तुझा बेरजेचा फॉर्म्युलाही त्यांना धरणार नाही. माउस ओढत असताना तो नावाचा चौकोनही किती ओळी आणि किती कॉलम झाले ते दाखवत असतो. बोट उचलण्याआधी तिकडे बघ. निवड अनडूने परत येत नाही. अनडू परत आणतं ते बदल. म्हणून फार खटपटीने केलेली निवड असेल तर तिला त्याच चौकोनात एक नाव देऊन टाक, पुढच्या वेळी नाव टाइप केलं की ती हजर.

तुकड्यातुकड्यांची निवड कॉपी करताना कधी नकार येतो. तुकडे त्याच ओळींमधले किंवा त्याच कॉलमांमधले असतील तर चालतं, वेडेवाकडे असतील तर नाही. त्याला काही उपाय शोधत बसू नकोस, एकेक तुकडा कॉपी कर.

शेवटचं, साहेबांना फाइल पाठवण्याआधीचं. खाली शीटची नावं दिसतात, त्यांतली एकापेक्षा जास्त निवडलेली असतील तर वर फाइलच्या नावापुढे ग्रुप असं दिसतं, आणि मग एका शीटमध्ये लिहिलेलं सगळ्यांमध्ये त्याच जागी उमटतं. हे सेव्हही होतं. म्हणजे तू तशीच फाइल पाठवलीस तर उघडणारा माणूस एका शीटमध्ये आकडा दुरुस्त करील आणि बाकीच्या शीटमधले त्याच जागचे आकडे बदलतील, त्याच्या नकळत. शीटच्या नावावर राइट-क्लिक करून तो ग्रुप मोडून टाक. सेलांची निवडही फाइलसोबत जाते. प्रत्येक शीटवर कंट्रोल-होम दाबून वरच्या टोकाला ये, पहिल्या शीटवर जा आणि मग सेव्ह कर.

तुझ्या मशीनवर एक्सेल कुठलं आहे ते कळव. २०१६ असेल तर तुकड्यांची निवड करण्याची माझी जुनी पद्धत पुढच्या पत्रात लिहीन.

तुझी,
आई