सूचना : अडगावच्या लढाईच्या माहितीफलकाची दुरुस्ती

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी, २९ नोव्हेंबरला, सकाळी ७ वाजता अडगाव बुद्रुकच्या बसथांब्याजवळ जमून आपण रस्त्याकडेचा फलक स्वच्छ करून पुन्हा रंगवणार आहोत. फलकाच्या खालच्या भागाचा रंग सुटून १८०३ मधला शेवटचा आकडा दिसेनासा झाला आहे.

याच तारखेला १८०३ साली आर्थर वेलस्लीच्या फौजेने येथे नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. पुढे १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने रघूजी भोसल्यांना कटक प्रांतासह वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडाचा मुलूख सोडावा लागला. एवढी मोठी घडामोड आपल्या शिवारात घडली, तरी सध्याच्या मजकुरात केवळ इंग्रज सेनापतीचे नाव आहे, हे योग्य नाही. भोसल्यांच्या सैन्याचे नेतृत्व करणारे रघूजींचे बंधू व्यंकोजी, म्हणजेच मन्याबापू, यांचे नाव नव्या मजकुरात ठळक अक्षरांत असेल.

कृपया पुढील बाबी पाळाव्यात :

१. मजकुरातील दुरुस्त्या आधारासह गुरुवारपर्यंत सचिवांकडे लेखी द्याव्यात. ऐकीव माहिती फलकावर घेतली जाणार नाही.

२. कापूस वेचणीला आला असल्याने मालकाच्या परवानगीशिवाय कोणीही धुरा ओलांडू नये.

३. जुनी वस्तू आढळल्यास ती जागेवरच ठेवून तहसील कार्यालयास कळवावे.

ब्रश, जुने कापड आणि पिण्याचे पाणी प्रत्येकाने सोबत आणावे. रंगाची व्यवस्था झाली आहे.

– सचिव