गळाला पिसं

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

"बाबा, साठी उलटल्यावर हे फ्लाय फिशिंग कुठून काढलंत?" असं तू विचारलंस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

मासे धरायची गोडी मला तुझ्या आजोबांनी लावली. सायकलच्या दांडीवर बसवून मला खडकवासल्याला न्यायचे. बांबूची काठी, तरंगा, गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. मरळ, शिवडा, चिलापी, जे लागेल त्याचं रात्री कालवण. आयुष्यभर मी तेच करत आलो आणि त्यातला आनंद अजूनही तसाच आहे.

फ्लायमध्ये आमिषच नसतं. गळावर दोरा गुंडाळत कोंबड्याच्या मानेचं पीस असं बांधायचं, की माशाला तो पाण्यावर पडलेला किडाच वाटावा. हीच ती फ्लाय. पिसाला वजन ते किती असणार! म्हणून वजन असतं ते जाडसर लाइनला, आणि फेकायची ती लाइन. रॉड मागे नेला की लाइन पाठीमागे हवेत पुरती उलगडेपर्यंत थांबायचं, मगच पुढे आणायचा. घाई केली की चाबकासारखा फटका बसतो आणि फ्लाय तुटते. तो थांबा हाताला कळला, की जोर लावावाच लागत नाही. सध्या गच्चीवर, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सराव चालू आहे.

पण मला यात ओढलं ते बघण्याने. पूर्वी माझी नजर तरंग्यावर खिळलेली असायची. आता आधी पाणी बघतो. कुठले किडे उडताहेत, मासा वर येऊन टिपतोय की तळाशीच चरतोय? ज्या पाण्याकाठी जन्म गेला, त्यात काय काय चालतं ते आत्ता कुठे दिसायला लागलंय.

आणि महसीर! दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय वर्णन सायक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३९ साली केलं, तेही आपल्या मुळा-मुठेतल्या माशावरून. शहरातल्या आजच्या मुठेकडे बघून हे खरं वाटत नाही, जीव तुटतो. लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटा पॉवर कित्येक वर्षं महसीरची पिल्लं वाढवतंय, म्हणून आशा आहे. रीतसर परवानगी काढून एकदा तरी तो फ्लायवर लागावा आणि मी त्याला परत पाण्यात सोडावं, एवढीच इच्छा आहे. त्यासाठी गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलाय, म्हणजे गळ अलगद निघतो. मासा धरायचा तोही हात ओले करूनच, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो.

दिवाळीला येशील तेव्हा पानशेतच्या बाजूला जाऊ. तोवर पाणी निवळलेलं असतं. तुझ्यासाठी हलका रॉड घेऊन ठेवलाय. पोलराइज्ड गॉगल मात्र तुझा तू आण. त्याने पाण्यावरची चकाकी जाते आणि खालचा मासा दिसतो.

तुझा,
बाबा