आत्याच्या सहीवर एक ओळ मराठीत हवी

माननीय केंद्रीय अर्थमंत्री यांस,
स. न. वि. वि.

म्युच्युअल फंडातली गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन असते, योजनेची कागदपत्रं काळजीपूर्वक वाचा, असं टीव्हीवर रोज मराठीत ऐकू येतं. बेळगावात शहापूरला राहणारी माझी आत्या सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकली, रोजचा पेपर अथपासून इतिपर्यंत वाचते. तिच्यापुढे सहीला आलेला अर्ज मात्र इंग्रजीत होता. ती वाचणार काय?

दोन वर्षांपूर्वी तिने घरातले माग विकले. तीन लाख रुपये ठेवीत ठेवायला बँकेत गेली, तर तिथला माणूस म्हणाला, "मावशी, ठेवीपेक्षा हा म्युच्युअल फंड बरा, महिन्याला डिव्हिडंड मिळतोय." महिन्याला 1,500 रुपये जमा होऊ लागले. आत्या त्याला व्याजच म्हणायची, त्यात तिचं गॅस-औषधाचं भागायचं. चौदा महिन्यांनी घराची कौलं बदलायला सगळे पैसे काढले, तर हातात 2,81,000 च्या आसपास आले. "व्याज त्यांनी दिलं, मग मुद्दल कुणी खाल्लं गं?"

अर्जाची झेरॉक्स घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला. खूण 'आयडीसीडब्ल्यू' या चौकटीत होती. यालाच पूर्वी डिव्हिडंड पर्याय म्हणत. सेबीने, म्हणजे म्युच्युअल फंडांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने, 1 एप्रिल 2021 पासून हे नाव बदललं. नव्या नावाचा अर्थ, उत्पन्नाचं वाटप आणि सोबत भांडवल काढून घेणं. नाव प्रामाणिक आहे, त्याबद्दल सेबीचे मनापासून आभार. पण इंग्रजी आद्याक्षरांत तो अर्थ आत्यापर्यंत पोचलाच नाही. 20 रुपये एनएव्हीने, म्हणजे फंडातल्या एका वाट्याच्या (युनिटच्या) भावाने, तिला 15,000 युनिट मिळाले होते. युनिटमागे 10 पैसे वाटले की 1,500 रुपये हाती येतात आणि एनएव्ही तेवढीच, 10 पैशांनी, उतरते. बाजार चढला तर भरून निघतं, नाही तर मुद्दल झिजत जातं. हे ऐकून आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे डब्यातलं माझंच पीठ काढून मला भाकरी वाढली."

आता तिच्या भिशीतल्या बायका मला विचारतात, नव्या फंडाचा युनिट 10 रुपयांना आणि जुन्याचा 200 ला, मग स्वस्तातलाच घ्यायचा ना? मी वहीवर मांडून दाखवते. दोन्हीकडे दहा-दहा हजार घातले आणि दोन्ही 10 टक्के वाढले, तर दोन्हीकडे 11,000 च होतात. एक्झिट लोड म्हणजे काय, हेही त्या विचारतात. ठरल्या मुदतीआधी पैसे काढले तर होणारी कपात. एवढं मराठीत एका ओळीत मावतं.

मी शाखेत मराठी अर्ज मागितला, मिळाला नाही. कन्नडशी आमचं भांडण नाही, बाजारात आम्ही कन्नड बोलतोच. माझं मागणं छोटं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शाखांत अर्जाच्या मुख्य पानाची मराठी प्रत कन्नड प्रतीशेजारी ठेवणं सेबीकरवी बंधनकारक करा. आणि आयडीसीडब्ल्यूच्या चौकटीपाशी, सहीच्या वर, ठळक अक्षरांत छापा: 'हे व्याज नाही. यात तुमच्या मुद्दलातली रक्कमही असू शकते.'

राज्यघटनेच्या कलम 350 ने गाऱ्हाणं आपल्या भाषेत मांडायचा हक्क दिला आहे, त्याच हक्काने हे मराठीत लिहिलं. कौलांचा खर्च भागवून उरलेले पैसे घेऊन आत्या पुढच्या महिन्यात पुन्हा बँकेत जाणार आहे.

कळावे,
शहापूरची एक भाची