टपावर एलईडी बार न लावल्याबद्दल आभार

ति. काकांस,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानले की तुम्ही "बस, बस, चहा घे" म्हणता आणि पुन्हा कुणाच्या तरी बोनेटखाली डोकं घालता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. दुसरं कारण असं की ग्वाल्हेरात जुनी पिकअप चालवणारे आपले लोक पुष्कळ आहेत. थंडी पडली की सगळ्यांना फॉग लाइट आठवतात आणि मग जे मिळेल ते बंपरला ठोकून घेतलं जातं. त्यांनीही वाचावं.

आमचं लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्याच लष्कर भागात, गजक (तीळ-गुळाची खुसखुशीत वडी) आणि तिळगुळाचं दुकान, माल मुरैन्याचा. मुरैन्याच्या गजकला 2023 मध्ये जीआय टॅग (भौगोलिक ओळखीचं मानांकन) मिळाला, पण इथल्या मराठी घरांत संक्रांतीच्या हलव्याशेजारी ती त्याच्या कितीतरी आधीपासून बसलेली आहे. पंचाईत अशी की गजकचा हंगाम आणि धुक्याचा हंगाम एकच. मार्गशीर्ष-पौषात आभाळ निरभ्र, वारा पडलेला, शेतं कालव्याच्या पाण्यानं भिजलेली. रात्री जमीन गार झाली की तिच्यावरची ओलसर हवा तिथेच धुकं होऊन बसते आणि पहाटे सगळ्यांत दाट होते. आम्ही माल भरतो तोही पहाटेच, कारण दुकान उघडताना गिऱ्हाइकाला ताजी, खस्ता गजक हवी असते. मुरैना ते ग्वाल्हेर साधारण 40 किलोमीटर. नूराबादला सांक नदी ओलांडायची, मग बानमोर, रायरू, पुरानी छावनी. हवामान खात्याच्या हिशोबात 200 मीटरच्या पलीकडचं दिसेनासं झालं की दाट धुकं, आणि 50 मीटरच्याही पलीकडचं दिसेना की अतिदाट. नूराबाद ते बानमोर हा पट्टा जानेवारीत ज्यानं पहाटे पार केलाय, त्याला हे आकडे सांगायची गरज नाही.

धाकट्या भावाला टपावर एलईडी बार, म्हणजे ओळीनं दिवे बसवलेली लांब पट्टी, हवा होता. दुसऱ्या एका दुकानात भावही झाला होता, भोकं कुठं पाडायची तेसुद्धा ठरलं होतं. तुमच्याकडे आम्ही आलो ते फक्त बॅटरी दाखवायला. तुम्ही बॅटरी तपासली, बारची गोष्ट ऐकली आणि शांतपणे म्हणालात, "लावून देतील. पण धुक्यात तो आधी तुम्हालाच आंधळं करेल, समोरच्याचा नंबर नंतर."

मग जे समजावून सांगितलंत ते आजवर कुणी सांगितलं नव्हतं. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब, आणि प्रत्येक थेंब पडलेला उजेड थोडा मागे फेकतो. दिवा नजरेच्या रेषेत किंवा तिच्या वर असला की ज्या थेंबांतून आपण बघतो तेच थेंब उजळतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. अपर, म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत, मारल्यावर होतं तेच. म्हणून फॉग लॅम्प खाली, बंपरात. त्याचा झोत रुंद आणि चपटा, वरच्या बाजूनं सुरीनं वडी कापावी तसा सरळ कापलेला. उजेड नजरेच्या खालून जातो आणि कडेची पांढरी पट्टी तेवढी दाखवतो. "लांबचं दाखवणं त्याचं काम नाही. पट्टी जेवढी दिसते तेवढ्यात थांबता येईल असं चालवा." हिशोबही तुम्हीच मांडलात: ताशी 40 च्या वेगाला गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. 50 मीटर म्हणजे साडेचार सेकंद, आणि त्यातला एक तर पाय ब्रेकवर जाईपर्यंत संपतो. भाऊ त्यावर काही बोलला नाही, म्हणजे पटलं.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 पण तुम्ही काढलंत. कंपनीच्या मूळ नोंदीत नसलेले फेरबदल गाडीत करायचे नाहीत, टपावरचा बार त्यात अडकतो. त्यापेक्षा ह्याच मॉडेलच्या वरच्या गाडीला कंपनी जे फॉग लॅम्प द्यायची, तेच आणू म्हणालात. आमची गाडी खालच्या मॉडेलची, त्यामुळे बंपरात त्या जागी नुसती काळी प्लास्टिकची झाकणं होती.

दिवे घ्यायला आम्हाला एकटं पाठवलं नाहीत, हे फार बरं केलंत. दुकानदारानं काउंटरवर चकचकीत जोड्या मांडल्या आणि तुम्ही एकेक दिवा उचलून काचेवर अंगठा फिरवत बसलात. मला वाटलं चरा शोधताय. तुम्ही शोधत होता ते काचेत उठावानं कोरलेलं अक्षर. वर्तुळातल्या ई आणि आकड्याजवळ 'बी' किंवा 'एफ3' असेल तर तो फॉग लॅम्प म्हणून तपासून पास झालेला. काहीच नसेल तर नुसता दिवा. अर्ध्याअधिक जोड्या तिथेच बाद झाल्या. दुकानदारानं मग एलईडी बल्ब पुढे केला, "ह्याच दिव्यात बसतो, जास्त फेकतो." तुम्ही हॅलोजन बल्ब उजेडाकडे धरून आतली तार दाखवलीत. रिफ्लेक्टरचा आकार त्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. तिथे दुसऱ्या घडणीची वस्तू बसवली की उजेड वाढल्यासारखा वाटतो, पण झोत फाटतो आणि वर जातो. साधे 55 वॅटचे बल्ब घेतले.

पिवळा की पांढरा, यावर मात्र आपलं अजून एकमत नाही, काका. तुमच्या मते पिवळा धुकं कापतो. माझं म्हणणं, धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगापेक्षा इतके मोठे असतात की ते सगळ्या रंगांना जवळपास सारखंच विखुरतात. फ्रान्समध्ये 1993 पर्यंत गाड्यांचे पुढचे दिवे पिवळे असावे लागत, पुढे तो नियमही गेला. डोळ्याला पिवळा सौम्य वाटतो, एवढं मान्य. शेवटी पांढरेच लावलेत, तेही न कुरकुरता.

आता वायरिंग. खरं सांगायचं तर हे पत्र वायरिंगसाठीच आहे.

बंपर सोडवून झाकणं काढली तर मागे ब्रॅकेटची भोकं कंपनीनंच पाडून ठेवलेली. टेपात गुंडाळलेला दोन पिनांचा कपलरही (वायरी जोडायचा खटका) मिळाला. आम्हाला वाटलं झालंच काम. तुम्ही टेस्ट लॅम्प लावला, पेटला नाही. फ्यूज बॉक्स उघडला तर रिलेची (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचची) जागा होती, पण आत पितळेची टर्मिनलंच भरलेली नव्हती, आणि कपलरच्या पिना गंजून हिरव्या झालेल्या. दुसऱ्या कुणी हेडलाइटच्या वायरी सोलून तिथेच पीळ मारला असता आणि टेप गुंडाळून पैसे मागितले असते. तुम्ही ड्रॉवरमधून एक वितळलेला स्विच काढून भावाच्या हातात ठेवलात. दोन दिव्यांचे 110 वॅट, 12 व्होल्टला 9 अँपिअरच्या वर करंट. तो सगळा डॅशबोर्डच्या स्विचमधून नेला की स्विचची अशी गत होते.

म्हणून चार पिनांचा रिले. 30 नंबरची पिन बॅटरीला, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरातच 15 अँपिअरचा फ्यूज, म्हणजे वायर पुढे कुठेही घासून बॉडीला लागली तरी आग न लागता फ्यूज उडेल. 87 मधून दोन्ही दिव्यांना. 85 बॉडीला. आणि 86 स्विचमधून पार्किंग लाइटच्या वायरीला. ह्या शेवटच्या जोडणीला तुम्ही इतका वेळ का लावताय ते आधी कळेना. कंपनीच्या गाडीत असतं तसंच व्हावं म्हणून: पार्किंग लाइट चालू असेल तरच फॉग लागेल, दिवे बंद केले की तोही जाईल. माल उतरवायच्या गडबडीत फॉग चालू राहून बॅटरी बसण्याचा प्रश्नच मिटला. मुख्य वायर अडीच स्क्वेअर एमएमची, प्रत्येक टोकाला थिंबल (धातूचं टोपण) दाबलेली, स्लीव्ह चढवलेली, सगळं काळ्या नालीदार पाइपात आणि कंपनीच्या हार्नेसला समांतर बांधलेलं. अर्थिंगसाठी चॅसिसवरचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केलात, बोल्ट आवळलात आणि वर व्हॅसलीन फासलंत. डॅशबोर्डवरचं एक कोरं झाकण काढून तिथे त्याच घाटाचा स्विच. परवा एका ओळखीच्या ड्रायव्हरनं विचारलं, "हे वरचं मॉडेल कधी घेतलंत?"

काम संपलं असं समजून मी किल्ली मागितली, तर तुम्ही म्हणालात, "उद्या माल भरून आण, मग दिवे सेट करू." रिकाम्या गाडीवर सेट करून देणारेच बहुतेक असतात. पण पिकअपच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर वजन आलं की नाक वर उठतं आणि झोतही वर जातो, आणि आम्ही धुक्यात असतो ते भरलेल्या गाडीनंच. दुसऱ्या दिवशी गाडी भिंतीपासून 25 फुटांवर उभी केलीत, दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूची रेघ मारलीत आणि झोताची वरची कड रेघेच्या 4 इंच खाली येईपर्यंत स्क्रू फिरवत राहिलात. एक बाजू जमली की दुसरीकडे जाताना पहिल्या दिव्यावर पोतं टाकायचं, ही युक्ती मी दुकानात सगळ्यांना सांगतो.

आणि एक गोष्ट तुम्ही बिलात धरली नाहीत, सांगितलीही नाहीत. ती मला घरी गेल्यावर दिसली. मागच्या फाळक्यावर लाल, बाजूंना पिवळी, नवीकोरी चमकपट्टी. जुनी पार मळून गेली होती. उरलेले तुकडे तुम्ही ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांना फुकट लावून देता, हे तुमच्या पोऱ्यानं सांगितलं. आमच्या रस्त्यावर धुक्यात सगळ्यांत जास्त भीती कशाची असेल तर मागे एकही दिवा नसलेल्या ट्रॉलीची. ते तुकडे किती जणांच्या कामी आले असतील, ते ना त्यांना कळणार, ना तुम्हाला.

आता पुढचं काम. मागे एक लाल फॉग लॅम्प लावायचा आहे. तुम्ही म्हणाला होतात की एकच लावायचा तर उजव्या अंगाला, आणि ब्रेक लाइटपासून निदान 10 सेंटीमीटर दूर, नाहीतर मागच्याला ब्रेक कधी दाबला ते कळत नाही. जागा मी मापून ठेवली आहे. संक्रांतीची गर्दी ओसरली की गाडी घेऊन येतो, ह्या वेळी रिकामी आणली तरी चालेल ना? बिलात चमकपट्टी धरा, मागच्या खेपेचे रिलेचे पैसेही धरा. नाही धरलेत तर काकूंकडे तेवढ्या किमतीची गजक पोचती होईल, आणि तुम्हाला डॉक्टरांनी गोड बंद केलंय हे मला माहीत आहे.

आपला,
लष्करातला गजकवाला