लोणारवर उपग्रहाची नजर हवी

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा तो बदल लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमांतही स्पष्ट दिसला होता. विवराच्या काठावर उभ्या राहिलेल्या पर्यटकाला खाली पाण्यालगतचे कमळजा देवीचे देऊळ दिसते. परंतु पाण्याची पातळी, उतारावरची झाडी आणि भोवतालची बांधकामे यांत वर्षानुवर्षे पडत गेलेला फरक केवळ डोळ्यांनी उमगत नाही. त्यासाठी उपग्रह प्रतिमा दाखवणारे इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ २००९ पासून आहे. जुन्या-नव्या उपग्रह प्रतिमा ताडून पाहूनच येथील वाहनतळ, पायवाटा आणि गावकऱ्यांच्या न्याहारी-निवासाच्या जागा ठरवाव्यात, आणि ते नकाशे ग्रामसभांपुढेही मांडावेत. नुसते ‘सेल्फी पॉइंट’ उभारून रामसर दर्जाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, या पाणथळीचे रक्षण होणार नाही.

– एक वाचक, बुलढाणा