मिरगाच्या आधी नदीवर दोन राखणदार बसवायचेत, गावकीचं आवाहन

नमस्कार मंडळी, गावात असलेल्यांना आणि मुंबई, पुणे, सुरत जिथं कुठं पोटासाठी गेलेत त्या सगळ्या चाकरमान्यांना. गावकीच्या वतीनं लिहितोय आणि हे पैशाचं आवाहन आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की नदीची गोष्ट सांगता सांगता याने हळूच खिशात हात घातला.

विषय आपल्या काळ नदीतल्या माशांच्या चोरीचा. चोरी हा शब्द काही जणांना खटकेल, नदी काय कोणाच्या बापाची आहे का असं मागच्या मीटिंगला एकाने विचारलंच. नाहीये. पण म्हणूनच विचारायचंय की बाहेरून गाडी करून आलेले चार जण एका रात्रीत अख्खा कोंड, म्हणजे नदीतला खोल डोह, मारून नेतात तेव्हा ते कोणाचं नेतात.

गेल्या वर्षी मिरगाच्या तोंडावर काय झालं ते गावात होते त्यांना माहीत आहे, बाहेर असलेल्यांसाठी सांगतो. पहाटे पाचच्या आसपास दणका झाला, घरातली भांडी हलली. आधी वाटलं खाणीत सुरुंग लावला असेल, पण खाणीत एवढ्या पहाटे कोण मरायला जातंय. आम्ही तिघं चौघं टॉर्च घेऊन खाली जाईपर्यंत गाडी वर रस्त्याला लागली होती, नंबर दिसला नाही. कोंडावर पाणी गढूळ, वर पांढरी पोटं तरंगतायत, काठाला वायरीचा तुकडा आणि बिअरच्या बाटल्या. जिलेटिनचे तोटे टाकले होते, विहिरीला वापरतात तेच. मोठे मासे दोन गोणी भरून नेले असतील, बोटाएवढी पिल्लं तशीच टाकून गेले कारण त्याला कोण विचारतो. उंबराच्या मुळात एक खडस, म्हणजे आपली महासीर, अडकलेली मिळाली, हात कोपरापासून बोटापर्यंत धरला तर त्याच्यापेक्षा मोठी, अंगावर एक ओरखडा नाही. घरी आणून चिरली तर आतला फुगा फाटलेला आणि पोट गाभोळीनं गच्च, पिवळीधमक. पुढच्या दोन महिन्यात ती सगळी अंडी खडीत पडली असती. आईने ती खडस शिजवली नाही, परसात पुरली.

आणि हे लक्षात घ्या की तोट्याने मेलेला मासा सगळाच वर येत नाही. फुगा फुटला की बराचसा तळाला बसतो, तो मारणाऱ्याच्या पण हाताला लागत नाही. आपल्याला तो तिसऱ्या दिवशी दिसला, फुगून वर आला तेव्हा. त्याच कोंडाच्या खालच्या बाजूला आपल्या नळपाणी योजनेची जॅकवेल आहे, जिथून नळाचं पाणी उपसतात ती विहीर. त्या आठवड्यात नळाला जो वास येत होता तो माशांचा होता, टाकी धुतली नाही म्हणून बायका उगाच पाणीवाल्याला बोलत होत्या. उद्या तोट्याऐवजी कोणी ब्लीचिंग पावडर किंवा फवारणीचं औषध ओतलं, आणि तसं ओततात लोक, तर नुसत्या वासावर भागणार नाही. ज्यांना मासे आवडत नाहीत, माळकरी आहेत, त्यांनी निदान या जॅकवेलसाठी तरी पुढचं वाचावं.

दुसरा प्रकार करंटचा. पाठीवर बॅटरी आणि इन्व्हर्टर, हातात बांबूला बांधलेली तार, किंवा सरळ लाईनवर आकडा टाकून वायर पाण्यात सोडायची. पाण्यात जे काय असेल ते उलटं होतं, वाम, मरळ, शिंगटी, झिंगे, बेडूक, पाणसाप, काही सुटत नाही. यात माणसं पण मेलीत ठिकठिकाणी, पेपरला येतंच, पाय घसरला की संपलं. आणि करंटवाल्यांचा सीझन नेमका वळगणीचा. पहिला पाऊस जोराचा झाला, शेताचं पाणी ओहोळातून नदीला लागलं की मासा प्रवाहाच्या उलटा चढतो, अंडी घालायला. त्या दोन चार रात्री मासा स्वतःहून गुडघाभर पाण्यात येतो, त्याला पळायला जागाच नसते.

आता खरं बोलायचं तर वळगण मारायला आपण सगळेच गेलोय. मी पण गेलोय, कंदील आणि कोयता घेऊन, आजोबांच्या मागे. आणि आपले जुने लोक रामेठ्याची साल कुटून डबक्यात टाकायचे, मासा गुंगी येऊन वर यायचा, ते पण लपवायचं काही कारण नाही. आपण फार पुण्यवान होतो असं नाही. फक्त तेव्हा ती एक टोपली असायची, घरात दोन दिवस कालवण आणि उरलं तर शेजारी. आता ओहोळाच्या तोंडाला आडवी मच्छरदाणीची जाळी लावून वरून करंट सोडतात, वर चढणारं एक पण सुटत नाही, आणि सकाळी तोच मासा नाक्यावर टपात विकायला. गेली तीन चार वर्षं मळवे, वळगणीला चढणारे ते मासे, किती दिसले ते प्रत्येकाने स्वतःच आठवून बघावं.

कायदा नाही असं समजू नका. 1897 सालचा इंग्रजांचा मत्स्य कायदा होता, त्यात सुरुंग लावून किंवा विष, चुना टाकून मासे मारायला बंदी होती आणि शिक्षा काय, तर दोन महिने कैद नाहीतर दोनशे रुपये दंड. तेव्हा दोनशे रुपये म्हणजे बैलजोडी यायची, आज दोनशेत नाक्यावर तोच मासा पाव किलो पण मिळायचा नाही. आपल्या राज्याचा 1960 चा वेगळा कायदा आहे. जिलेटिन बाळगणं हा तर स्फोटकांचा गुन्हा, त्याला माशाचं निमित्त पण लागत नाही. समुद्रात बघा, 1 जून ते 31 जुलै 61 दिवस यांत्रिक बोटी बंद, तिथं बंदर आहे, बोटीला नंबर आहे, म्हणून कोण गेला ते तरी कळतं. नदीला बंदर पण नाही आणि नंबर पण नाही, रात्री दोन वाजता कोंडावर कोण आहे ते कळणार कसं. गेल्या वर्षी दणका झाला त्या दिवशी आम्ही एका ऑफिसला फोन केला, नाव घेत नाही. त्यांनी दुसरीकडे करा सांगितलं, दुसरीकडे म्हणाले लेखी द्या, लेखी दिलं तर म्हणाले पुरावा काय. पुरावा तीन दिवसांपूर्वी कुजून वाहून गेला होता. त्यांना शिव्या देऊन उपयोग नाही, माणसं कमी आहेत त्यांच्याकडे, पण म्हणून जे आहे ते आपल्यालाच डोळ्यांनी बघून नोंदवून द्यावं लागणार.

राखण केली की काय होतं ते लांब जाऊन बघायला नको, आपल्याच महाड तालुक्यात वाळणकोंडीला जा. तीच काळ नदी, वरदायिनीचं स्थान, आणि पाण्यात मुरमुरे टाकले की हातभर लांब खडशी तोंड वर काढतात. देवीचे मासे म्हणून कोणी हात लावत नाही, बास, एवढ्यावर तिथला मासा टिकलाय. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वरला पण असंच. पण नुसती श्रद्धा पुरते असं समजून गाफील राहायचं नाही. कर्नाटकात शिशिला म्हणून गाव आहे, कपिला नदीवर, तिथं पण देवाचेच मासे, 1996 साली कोणीतरी विष टाकलं आणि हजारो मासे मेले. तिथल्या लोकांनी मेलेल्या माशांचं स्मारक बांधलंय. आपल्याला स्मारक बांधायची वेळ येऊ नये, राखणदाराचा खर्च त्यापेक्षा कमी आहे.

मीटिंगला एकाने सुचवलं की एवढी खटपट करण्यापेक्षा पिल्लं आणून सोडू, लोणावळ्याला वळवणला टाटांची हॅचरी आहे, तिथं खडशीची पिल्लं तयार करतात. आहे, पन्नास वर्षांपासून आहे आणि चांगलं काम आहे. पण एक तर कोंडात तोटे पडणार असतील तर पिल्लं सोडून आपण चोरांनाच खाऊ घालणार. आणि दुसरं म्हणजे बाहेरचा मासा कुठंही सोडणं बरं नसतं, कावेरीत हीच आपली खडस नेऊन सोडली आणि ती तिथं इतकी वाढली की तिथली मूळची कुबडाची महासीर आता संपायला आलीय. आपल्या नदीत आपला मासा अजून आहे. त्याला दोन तीन पावसाळे सुखाने अंडी घालू दिली तर कुठून काही विकत आणायला नको. तर पैसे पिल्लांसाठी नाहीत, राखणीसाठी आहेत.

राखणदार दोघं, जून ते सप्टेंबर चार महिने, प्रत्येकी महिना नऊ हजार. माणसं कातकरी वाडीतली ठरवलीत आणि यावर थोडी कुरबुर झाली म्हणून बोलतो. कोंडावर काही झालं की पहिलं खापर वाडीवर फुटतं, दर वेळी. गेल्या वर्षी पण दुपारपर्यंत तेच चाललेलं आणि गाडीचे टायर दिसल्यावर सगळे गप्प. वाडीतली माणसं पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकतात, हाताने खेकडे काढतात, त्यावर त्यांचं घर चालतं, तोट्याने सगळ्यात जास्त नुकसान झालं ते त्यांचंच. आणि रात्रीच्या अंधारात पाण्याचा आवाज बदलला हे त्यांना कळतं, मला आणि तुम्हाला नाही कळत. त्यांचा पाग आणि गरी, म्हणजे गळ, चालूच राहणार, त्याला कोणी अडवायचं नाही असं ठरावात लिहिलंय.

शनिवार रविवार मुंबई पुण्याहून गरवायला येतात त्यांना पण बंदी नाही. ग्रामसभेत ठरलंय ते असं की एका माणसाने एकच गरी, मिरगापासून नारळी पुनवेपर्यंत पूर्ण बंद, कोंडात तर बारा महिने बंद, आणि खडस लागली तर परत पाण्यात. परत सोडायची म्हणजे फोटो काढून धपकन फेकायची नाही हो. गरीचा उलटा काटा आधीच पकडीने चेपून ठेवायचा म्हणजे तोंड फाटत नाही, हात ओले करून धरायची, कल्ल्यात बोट घालायचं नाही, आणि डोकं प्रवाहाकडे करून पाण्यात धरून ठेवायची, ती स्वतः शेपटी मारून सुटते. यातले बरेच हौशी लोक समजूतदार आहेत, एक जण तर दोन बोर्डांचा खर्च देतो म्हणाला. बाकी पार्टी करायला येतात आणि बाटल्या फोडून जातात त्यांचं बघू.

राखणदारांनी काय करायचं आणि काय नाही हे पण ठरलंय. कोणाच्या अंगावर जायचं नाही, मारहाण नाही, गाडीची चावी काढून घेणं नाही, तो अधिकार आपल्याला नाही आणि उलटी केस आपल्यावरच पडेल. लांबून व्हिडिओ, गाडीचा नंबर, वेळ लिहायची, 112 ला फोन आणि गावात चार जणांना फोन. पाण्यात वायर दिसली तर पाण्यात पाय टाकायचा नाही. न उडालेला तोटा दिसला तर हात लावायचा नाही, पोलीस येईपर्यंत तिथं कोणाला जाऊ द्यायचं नाही. गावातल्या पोरांना पण हेच सांगतोय कारण मागच्या वेळी दोघं काठ्या घेऊन निघाले होते, जोश चांगला आहे पण समोरच्याकडे जिलेटिन आहे रे बाबांनो.

हिशोब सांगतो. पगाराचे 72 हजार. दोन रेनकोट, गमबूट, दोन चांगले चार्जिंगचे टॉर्च आणि चार बोर्ड मिळून 14 हजार. एकूण 86 हजार. गावात घरटी वर्गणी आणि सप्त्यातून उरलेले धरून 31,500 जमलेत, म्हणजे 54,500 कमी पडतायत. मुंबई मंडळाने मागे देवळाच्या पत्र्याला जसा हात लावला तसा इथं लावावा ही विनंती. पाचशे द्या, शंभर द्या, कोणाला एका राखणदाराचा एक महिना उचलायचा असेल तर नऊ हजार. पैसे गावकीच्या खात्यावरच टाका नाहीतर देवळात पावती घेऊन रोख द्या, माझ्या किंवा कोणाच्या पर्सनल नंबरवर गुगल पे करू नका, मागे सभामंडपाच्या वेळी त्यावरून जे झालं ते पुन्हा नको. दर महिन्याच्या एक तारखेला जमाखर्च देवळाच्या भिंतीला चिकटवणार आणि त्याचा फोटो ग्रुपवर.

पैसे नसतील तर दुसरं पण लागतंय. कोणाकडे जुना पण नीट चालणारा स्मार्टफोन पडून असेल, रात्री बऱ्यापैकी फोटो येणारा, तो द्या. कोणी वकील असेल तर तक्रारीचा एक नमुना लिहून द्या, त्यात तारीख, वेळ, जागा, गाडी नंबर एवढं भरलं की झालं असा, कारण आम्ही लिहितो ते तीन पानं होतं आणि कोणी वाचत नाही. बोर्डावर चांगलं अक्षर काढणारा आपला पेंटर बदलापूरला असतो, त्याला कोणीतरी निरोप द्या. आणि गणपतीला येणाऱ्यांपैकी ज्यांना एक रात्र राखणदारांबरोबर कोंडावर बसायचंय त्यांनी नाव कळवा, पत्ते चालतील, बाटली चालणार नाही.

मिरगाच्या आधीच्या रविवारी सकाळी दहाला देवळात बसतोय. तोपर्यंत निदान दोन महिन्यांचा पगार जमला पाहिजे कारण राखणदारांना पहिला महिना आगाऊ द्यायचा कबूल केलंय, त्यांनी त्यासाठी वीटभट्टीवरचं काम सोडलंय. टॉर्च आणलेत, काल रात्री वरच्या पुलावरून मारून बघितला, समोरच्या काठावरच्या उंबरापर्यंत जातो.