मिठाचा हात आखडता घ्यावा

उपाहारगृहांनी मेन्यूकार्डावर उष्मांक छापावेत, असे सुचवणारा लेख वाचला. सूचना चांगली आहे. पण भूक लागलेली असताना आकडे फार थोडे लोक वाचतात. त्यापेक्षा मिठाकडे लक्ष द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चहाचा चमचाभर मीठ खावे. बाहेरच्या जेवणात ते किती पडले हे ग्राहकाला दिसत नाही, आणि एकदा पडलेले काढताही येत नाही. कमी पडले तर मात्र वरून घेता येते. म्हणून आचाऱ्यांनी मीठ हळूहळू घटवावे. जिभेला सवय होते. मीठदाणी मागितल्यावरच टेबलावर यावी. रक्तदाबाच्या रुग्णाने ‘मीठ कमी घाला’ म्हटल्यास ते निमूटपणे ऐकले जावे, एवढी सोय तर आजही सहज शक्य आहे.